तुझ्या बारा पुस्तकांच्या यादीविषयी

धरमपेठ, नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बारा पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तकाखालचे टिपण मी दोनदा वाचले. एकदा वाचक म्हणून, आणि दुसऱ्यांदा, ग्रंथपालपणाची सवय सुटत नाही म्हणून, हातात पेन्सिल घेऊन. आपल्या वाचक मंडळाने वर्षभर काय वाचावे हे सुचवण्याचे काम तुझ्याकडे आले याचा मला मनापासून आनंद आहे, आणि ते काम तू किती गांभीर्याने घेतले आहेस हे तुझ्या स्वच्छ, नेटक्या वाक्यांवरून कळते. त्यामुळे मुख्य उणीव आडपडदा न ठेवता सांगते.

जेथे कादंबरी आहे तेथे तू कथानक सांगितले आहेस, आणि जेथे इतिहास, चरित्र किंवा वैचारिक लेखन आहे तेथे अनुक्रमणिका सांगितली आहेस. पहिल्या प्रकाराने वाचकाचे कुतूहल संपते आणि दुसऱ्या प्रकाराने ते सुरूच होत नाही. पुस्तकाचा विषय मलपृष्ठावर छापलेला असतोच. ते वाचताना तू कोठे थांबलीस, कोणते पान मागे जाऊन पुन्हा वाचलेस, लेखकाशी कोठे तुझे पटले नाही आणि का पटले नाही, हे मात्र तुझ्याखेरीज कोणीच सांगू शकत नाही, आणि नेमके तेच तुझ्या टिपणांतून गळून गेले आहे.

आपल्या नागपुरात कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवत असत. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या समीक्षालेखांच्या एका संग्रहाचे नाव 'पासंग' असे आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यांच्या दिवसांत वाढलेल्या तुला हा शब्द कदाचित ऐकूनही ठाऊक नसेल. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना एक पारडे किंचित झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून ती समपातळीत आणतात. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. परीक्षण लिहिणाऱ्याचे पारडेही पुस्तक हाती येण्याच्या आधीच कोणत्या तरी बाजूला कललेले असते, आणि तो कल किती आहे हे ओळखल्याशिवाय त्याने वजन करायला बसू नये, असा त्या शब्दाचा अर्थ मी माझ्यापुरता घेतला. हा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो दोन पुस्तकांनी शिकवला.

१९६७ या एकाच वर्षी मराठीत महाभारतावरची दोन पुस्तके आली. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कर्णावरची कादंबरी, आणि इरावती कर्वे यांचा 'युगान्त' हा निबंधसंग्रह. मी 'मृत्युंजय' कॉलेजात असताना वाचली, मे महिन्याच्या दुपारी, ओल्या वाळ्याच्या पडद्याआड बसून, आणि ती संपली तेव्हा कर्णावर अन्याय झाला या एका भावनेने मी इतकी भारावलेली होते की काही वर्षांनी 'युगान्त' हाती आले आणि कर्णाभोवतीचे ते तेजोवलय बाजूला ठेवून त्याच्या वागण्याचा हिशेब मांडणारा निबंध वाचला, तेव्हा मला चक्क राग आला. त्या रागाच्या भरात मी एका छोट्या नियतकालिकासाठी 'युगान्त'चे परीक्षण लिहिले आणि त्याला कोरडे, सहानुभूतिशून्य ठरवले. ते छापून आले. आज ते कात्रण माझ्याकडे आहे, आणि प्रत्येक नव्या परीक्षणाआधी मी ते एकदा पाहते. त्यात पुस्तकाविषयी एकही खरे वाक्य नाही. आहे तो फक्त माझ्या पारड्याचा कल.

पुढे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून सावकाश वाचली तेव्हा लक्षात आले की दोघांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. कादंबरीला विचारायचे की येथे बोलते कोण, आणि त्याला किती दिसते. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने आपली बाजू सांगतात. ही रचना धाडसाची आहे, कारण एकाच घटनेला अनेक तोंडे फुटतात. पण बोलणारी माणसे सहा असताना भाषेचा भरजरी पेहराव बहुतेक ठिकाणी एकच आहे, आणि सारथ्याच्या घरात वाढलेला माणूस व राजपुत्र एकाच लयीत बोलतात, असे मला वाटते. तुला तसे वाटेलच असे नाही. मात्र 'भाषा ओघवती आहे' एवढे लिहून तू पुढे गेलीस तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ओघ कोणाच्या बोलण्याचा आहे आणि तो त्या व्यक्तीला शोभतो का, हे सांगितले की लागते.

'युगान्त'ला विचारायचे ते असे: लेखिकेला हे कशावरून कळले, आणि जेथे तिला कळलेले नाही तेथे ती काय करते? इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या, आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा त्यांना आधार होता. त्यामुळे लोकांच्या तोंडी रुळलेला कोणता प्रसंग मूळ संहितेत टिकतो आणि कोणता मागाहून शिरला आहे, याचा विचार त्या करू शकल्या. विदुर आणि युधिष्ठिर यांचे नाते पिता-पुत्राचे असावे का, असा प्रश्न त्या उपस्थित करतात तेव्हा तो आपला तर्क आहे हे त्या वाचकापासून लपवत नाहीत. ललितेतर पुस्तकाचा प्रामाणिकपणा मी येथे मोजते. पुरावा कोठे संपला आणि अंदाज कोठे सुरू झाला, ती रेषा लेखकाने दाखवली आहे का, हे तुझ्या प्रत्येक ललितेतर टिपणात एका वाक्याने तरी यायला हवे. त्यासाठी पुस्तकाच्या शेवटची पाने आधी उघडत जा. संदर्भसूची आहे का, नामसूची आहे का, तळटीपा वाचनीय आहेत की नुसत्या शोभेच्या आहेत, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

तुझ्या यादीत तू पुस्तकांचे दोन रकाने पाडले आहेस, 'फिक्शन' आणि 'नॉनफिक्शन'. सोयीसाठी ते ठीक आहे, पण मराठी कपाटात ही वाटणी नीट बसत नाही, आणि ती जेथे बसत नाही तेथेच आपल्या भाषेचे बरेचसे चांगले लेखन आहे. ललितलेख कोणत्या रकान्यात घालशील? कवी ग्रेस यांना २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो कवितासंग्रहासाठी नाही, 'वाऱ्याने हलते रान' या ललितलेखांच्या पुस्तकासाठी. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) हे आत्मकथन आहे, म्हणजे घडलेले आहे. तरी त्याची मांडणी शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार आणि गावकुसाबाहेरचा दगडू मारुती पवार या एकाच माणसाच्या दोन रूपांमधल्या बोलण्याची आहे, आणि ही युक्ती कथाकाराची आहे. त्या युक्तीमुळे पुस्तकातले सत्य कमी झाले की अधिक धारदार झाले, या एका प्रश्नावर तुझे संपूर्ण परीक्षण उभे राहू शकते.

मारुती चितमपल्ली यांचे पुस्तक तू 'निसर्ग' या शीर्षकाखाली टाकून मोकळी झालीस, याचे मला थोडे वाईट वाटले. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या आपल्याच जंगलांत वर्षे काढली, आणि नागपुरात त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. त्यांच्या पानावर स्वतः पाहिलेले, जुन्या संस्कृत ग्रंथांत वाचलेले आणि रानातल्या आदिवासींकडून ऐकलेले असे तीन धागे एकत्र विणलेले असतात. पक्ष्यांची माहिती शोधत येणाऱ्या वाचकाला ते वेगवेगळे करून घ्यावे लागतात. शब्दांसाठी येणाऱ्याला ती वीणच हवी असते. तू दोघांनाही सावध कर आणि दोघांनाही आत पाठव.

आता आवृत्तीविषयी. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची शिफारस तू केलीस, ती उत्तम आहे. १८५७ च्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या एका भिक्षुकाचे ते डोळ्यांदेखतचे कथन आहे. पण तू कोणती आवृत्ती वाचलीस हे लिहिलेले नाही. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले तेव्हा इंग्रजी अमलाच्या धाकामुळे आणि त्यांच्या स्वतःच्या भाषारुचीमुळे मजकुरात बरेच फेरफार केले, आणि गोडसे भटजींच्या मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेले पुस्तक १९६६ साली आले. भटजींच्या भाषेबद्दल तू जे कौतुकाचे वाक्य लिहिले आहेस ते भटजींचे कौतुक आहे की वैद्यांचे, हे आवृत्ती कळल्याशिवाय ठरणार नाही. प्रकाशनवर्ष, आवृत्ती, संपादक आणि अनुवाद असेल तर अनुवादक, ही चार नावे-आकडे परीक्षणाच्या माथ्यावर लिहिण्याची सवय आजच लावून घे.

यादीत एक भर सुचवते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा आहे. सुरतेच्या एका विधवेवर चाललेल्या खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांवर जी राळ उडाली, तिच्या संतापातून तो लिहिला गेला, पुढे जवळजवळ विस्मरणात गेला, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा वाचकांसमोर आणला. एका बैठकीत वाचून होतो, वऱ्हाडातला आहे, आणि त्यातले सणसणीत मराठी मोठ्याने वाचावे असे आहे. मंडळातल्या बायका त्यावर भांडतील, आणि ते भांडण ऐकायला मी जरूर येईन.

परीक्षण आणि शिफारस यांत तू गल्लत करतेस, आणि ही गल्लत मीही अनेक वर्षे केली. परीक्षण पुस्तकाविषयी असते. शिफारस समोरच्या माणसाविषयी असते. ग्रंथालयात असताना अजनीकडचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी नवे सभासद झाले आणि 'बाई, काहीतरी चांगले द्या' म्हणाले. मी क्षणाचाही विचार न करता माझी आवडती 'बनगरवाडी' त्यांच्या हाती ठेवली. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ ची छोटी कादंबरी मी निर्दोष मानते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती न बोलता परत केली आणि पुढे कित्येक महिने ते फिरकले नाहीत. मग शेजाऱ्यांकडून कळले की दुष्काळाच्या एका वर्षी त्यांच्या घराने गाव सोडले होते, आणि ते गाव पुन्हा कधी भरले नाही. दुष्काळाने रिकामे होत जाणारे गाव ही त्या कादंबरीची अखेर आहे. पुस्तक चांगलेच होते. मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता, ही माझी चूक. तेव्हापासून पुस्तक देण्याआधी मी विचारते: तुम्ही शेवटचे कोणते पुस्तक पूर्ण वाचलेत, आणि कोणते अर्धवट सोडलेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी पडते.

ही विचारपूस कशी करावी हे पाहायचे असेल तर अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो लोक तेथे येतात, आणि पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. डोक्यावर बोचके, कडेवर मूल अशी आलेली बाई पुस्तक मागते, आणि जाणता विक्रेता आधी विचारतो, 'घरी वाचणार कोण, मावशी?' नातू वाचून दाखवणार असेल तर तो मोठ्या टाइपातले, छोट्या प्रकरणांचे पुस्तक काढतो. मुलगी कॉलेजात असेल तर बाबासाहेबांच्या लेखनातला एखादा जाड खंड पुढे करतो. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद घेण्यासाठी उन्हात उभे असलेले लोक मी पाहिले आहेत. तेथे एक दिवस काढ, काही विकत घे, आणि मग तुझ्या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाखाली 'हे कोणासाठी' असे एक वाक्य लिही. 'सर्वांनी वाचावे असे' हा शब्दप्रयोग तू सात ठिकाणी केला आहेस. सातही ठिकाणी तो खोडून टाक.

एक शेवटचे. न आवडलेल्या पुस्तकाविषयी तू गप्प बसली आहेस. बाराही टिपणे कौतुकाची आहेत. तुझ्या बोलण्यावरून मला ठाऊक आहे की त्यांतल्या एका गाजलेल्या चरित्राने तुझी निराशा केली. मग ते लिही. लेखकाच्या हेतूवर शंका घेऊ नकोस, त्याच्या वयावर, जातीवर, गावावर जाऊ नकोस. पुस्तकाने स्वतः काय करायचे ठरवले होते ते आधी न्याय्यपणे सांग, आणि ते कोठे साधले नाही हे पानाच्या आधाराने दाखव. एखादे वाक्य उद्धृत करून दाखवलेस तर वाचक स्वतःच ठरवेल, आणि तुझ्याशी असहमत व्हायची जागाही त्याला मिळेल.

पुढच्या रविवारी सकाळी ये. 'बलुतं' आणि ते चरित्र, या दोहोंची टिपणे नव्याने लिहून आण. बाकीच्या दहांना अजून हात लावू नकोस. पोतदारांची प्रत मी कपाटातून काढून ठेवली आहे. पाने ठिसूळ झाली आहेत, म्हणून ती घरी नेता येणार नाही. येथेच खिडकीपाशी बसून वैद्यांच्या आवृत्तीशी ताडून पाहावी लागेल, तेव्हा तुझी प्रत आठवणीने घेऊन ये.

कळावे,
तुझी शुभचिंतक