आधी एक अळी शेवटपर्यंत बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. फेलोशिप हातात पडेपर्यंत काम सुरू करता येत नाही, असं तू लिहिलंस. म्हणूनच तुला कीटकांचा अभ्यास करून त्यांची चित्रं काढणाऱ्या मारिया सिबिला मेरियनबद्दल सांगावंसं वाटलं.

तिचा जन्म १६४७चा, फ्रँकफर्टमधला. किडे चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप निपजतात, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. ही मात्र तेराव्या वर्षापासून रेशमाच्या अळ्या पाळत होती. अळी काय खाते, कात कधी टाकते, कोषातून काय निघतं, सगळं बघून चितारत होती. १६९९मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. तिला कुठल्या राजाने पाठवलं नव्हतं. स्वतःची चित्रं विकून तिने पैसे उभे केले आणि निघण्याआधी मृत्युपत्रही करून ठेवलं! तिथले मळेवाले तिला हसायचे. साखरेपलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं. १७०१मध्ये आजारी पडून ती परतली आणि १७०५मध्ये तिचा ६० चित्रांचा ग्रंथ आला. झाड आणि त्यावर जगणारा कीटक, अळीपासून पाखरापर्यंत, एकाच पानावर.

आपल्या अंगणातलं शंकासुराचं झाड तिला तिथे भेटलं. आपली मुलं गुलामीत जन्मू नयेत म्हणून आम्ही त्याच्या बिया घेऊन गर्भ पाडतो, हे गुलाम स्त्रियांनी स्वतः तिला सांगितलं. तिने ते छापलं, ही मोठी गोष्ट. पण त्या बायकांची नावं कुठेच नाहीत, हे मला फार सलतं. तुला कोणी वाट दाखवली, झाडाचा गुण सांगितला, तर त्या माणसाला विचारून त्याचं नाव वहीत लिहीच.

आणि सुरुवात घरच्या कढीपत्त्यापासून कर. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर झटकू नकोस; ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असू शकते. मोठी झाली की हिरवीगार होते. रोज बघ, तारीख घाल, चित्र काढ, वेडंवाकडं आलं तरी चालेल. कधी कोषातून फुलपाखराऐवजी परजीवी माशीच बाहेर येते. तेव्हा वहीतलं ते पान फाडू नकोस. मेरियनने तशा माश्याही नोंदवल्या आहेत. फेलोशिपचा अर्ज जरूर भर, आणि सोबत ही वही जोड.

तुझी,
मावशी