क्राउड, मॉब, थ्राँग, गॅदरिंग… 'गर्दी'साठी कोणता इंग्रजी शब्द कुठे वापरायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सिंहस्थासाठी संस्थेचं इंग्रजी माहितीपत्रक आणि प्रेसनोट लिहायची आहे. पण क्राउड, मॉब, थ्राँग, गॅदरिंग, असेंब्ली, काँग्रिगेशन या सगळ्यांपुढे शब्दकोशात गर्दी, जमाव, समुदाय एवढंच दिसतं. मग कुठे काय लिहायचं?

लोक किती आहेत यावर शब्द निवडायला गेलात की पहिली गल्लत तिथेच होते. आधी बघा की ते कशाला जमलेत, आणि लिहिणाऱ्याला त्यांचं जमणं रुचतंय की खुपतंय. इंग्रजीत हा दुसरा भाग बऱ्याचदा शब्दातच दडलेला असतो.

क्राउड सगळ्यात निरुपद्रवी. बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर पाय ठेवायला जागा नसते, तो क्राउड. माणसं एका ठिकाणी दाटली एवढंच त्यातून कळतं. त्यांचा हेतू एक असायलाच हवा असं नाही. शंका आली की हाच शब्द वापरा, सहसा चुकणार नाही.

मॉबचं तसं नाही. लॅटिनमधल्या 'मोबिले व्हल्गस', म्हणजे चंचल रयत, या शब्दांचा तुकडा पाडून सतराव्या शतकाच्या अखेरीस तो रूढ झाला, आणि जन्मापासूनच त्यात तुच्छता आहे. 'अ मॉब ऑफ डिव्होटीज' असं लिहिलंत तर तुम्ही भाविकांवर दंगलीचा आरोप केलात. वीस माणसांचा मॉब होतो आणि वीस हजारांचा होत नाही. फरक बेफाम होण्याचा आहे. क्रियापद म्हणून मात्र तो जरा सौम्य होतो: 'फॅन्स मॉब्ड द अ‍ॅक्टर' म्हणजे चाहत्यांनी नटाला गराडा घातला, मारलं नाही.

मराठीतला 'जमाव' या दोहोंच्या मधे कुठेतरी बसतो, म्हणून भाषांतरात घोळ होतो. कायद्यातला 'बेकायदेशीर जमाव' म्हणजे मॉब नव्हे, 'अनलॉफुल असेंब्ली'. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ नुसार त्याला किमान ५ माणसं लागतात आणि त्यांचा उद्देश कलमात दिलेल्यांपैकी असावा लागतो. नुसती असेंब्ली अगदी प्रतिष्ठित आहे: विधानसभाही असेंब्लीच, शाळेतली सकाळची प्रार्थनाही असेंब्लीच, आणि संविधानाच्या कलम १९ ने दिलेला हक्कही शांततेने, विनाशस्त्र 'असेंबल' होण्याचा. ठरवून, रीतसर एकत्र येणं हा त्याचा गाभा. प्रेसनोटमध्ये 'जमावबंदी'ला कर्फ्यू लिहू नका. कर्फ्यू म्हणजे संचारबंदी, घराबाहेरच पडायचं नाही. जमावबंदीसाठी 'प्रोहिबिटरी ऑर्डर्स' हा वर्तमानपत्री प्रयोग आहे. आणि त्यापुढे सवयीने 'कलम १४४' लिहिलं जातं, पण १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं.

थ्राँग म्हणजे आपली रीघ आणि झुंबड यांचं मिश्रण: दाट, हलती, उत्साही गर्दी. बोलण्यात तो फारसा येत नाही, बातमीत शोभतो. क्रियापद करून जागेचं नाव लिहिलंत तर मधे 'टू'ची गरज नाही. 'पिलग्रिम्स थ्राँग्ड रामकुंड' एवढंच पुरे.

काँग्रिगेशन उपासनेसाठी. मूळ अर्थाने ती एखाद्या चर्चची नेहमीची मंडळी, पण सिंहस्थासारख्या धार्मिक मेळ्याला 'रिलिजस काँग्रिगेशन' म्हणणं सर्रास चालतं. काळारामाच्या आरतीला आलेल्या पन्नासेक जणांना मात्र सरळ 'डिव्होटीज' म्हणा. आणि लांबून यात्रेला आलेले ते 'पिलग्रिम्स'.

गॅदरिंगने सगळ्यांनाच फसवलंय. कॉलेजातलं आपलं गॅदरिंग, नाच-नाटक-फिशपाँडवालं, बाहेरच्या इंग्रजी वाचकाला कळत नाही. त्याला 'अ‍ॅन्युअल डे' लिहा. इंग्रजीत नुसतं गॅदरिंग म्हणजे बहुधा घरगुती, आटोपशीर बैठक. गंमत म्हणजे 'मास गॅदरिंग' म्हटलं की तोच शब्द प्रशासन आणि आरोग्य खात्याच्या परिभाषेत जातो. तुमच्या माहितीपत्रकात हा जोडशब्द खुशाल वापरा.

कार्यक्रमाला आलेल्यांबद्दल एवढं सांभाळा: कालिदास कलामंदिरात बसलेले ऑडियन्स, गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामना बघणारे स्पेक्टेटर्स, आणि द्वारका चौकात अपघातापाशी जमलेले बघे म्हणजे ऑनलुकर्स. ऑडियन्स हा समूह असतो, एकट्या माणसाला 'अ मेंबर ऑफ द ऑडियन्स' म्हणावं लागतं.

आपल्याकडे दुचाकींची मिरवणूकही रॅलीच. भारतीय इंग्रजीत ते खपतं, पण बाहेर राजकीय रॅली म्हणजे मुख्यतः पाठिंब्याची किंवा निषेधाची सभा. चालत जाणारा तो मार्च. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेले शेतकरी मुंबईकडे चालत होते तोवर तो मार्च, आणि १२ तारखेला आझाद मैदानावर बसले ती रॅली. देवाची, लग्नाची किंवा गणपतीची मिरवणूक असेल तर प्रोसेशन.

आता सगळ्यात जपून वापरायचा शब्द, स्टँपीड. तो स्पॅनिशमधून आला आणि मूळचा उधळलेल्या गुराढोरांचा. 'चेंगराचेंगरी'ला आपण डोळे झाकून स्टँपीड लिहितो, आणि त्यातून चित्र उभं राहतं ते घाबरून पळत सुटलेल्या, एकमेकांना तुडवणाऱ्या लोकांचं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पळायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये साधारण ५ च्या वर माणसं झाली की स्वतःच्या पायांवर कुणाचा ताबा राहत नाही. पुढे वाट अडलेली आणि मागच्यांना ते दिसत नाही, म्हणून दाब वाढत जातो. छाती फुगायला जागा न उरल्यामुळे माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. याला 'क्राउड क्रश' म्हणतात. १९८९ चं इंग्लंडमधलं हिल्सबरो फुटबॉल स्टेडियम, २०२२ मध्ये दक्षिण कोरियात सोलमधली इटेवॉनची गल्ली, दोन्हीकडच्या दुर्घटना क्रशच. गर्दीचा अभ्यास करणारे स्टँपीड टाळतात, कारण त्यात दोष मेलेल्यांच्या माथी जातो आणि अरुंद रस्ता, चुकीच्या जागचं बॅरिकेड, एकच निर्गम या गोष्टी नजरेआड होतात. २७ ऑगस्ट २००३ च्या नाशिकच्या दुर्घटनेचा, ज्यात ३९ भाविक गेले, उल्लेख करणार असाल तर 'क्राउड क्रश' किंवा नुसतं 'ट्रॅजेडी' लिहा. सुरक्षेच्या पानावरही 'अव्हॉइड स्टँपीड' नको. 'डू नॉट पुश, कीप मूव्हिंग, फॉलो द वन-वे रूट' असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय करायचं ते कळेल.

किरकोळ पण हमखास दिसणाऱ्या चुका: 'टू मच रश' हे आपलं इंग्रजी, 'इट वॉज व्हेरी क्राउडेड' म्हणा. रश म्हणजे घाई किंवा एकदम उसळलेली धाव. 'सो मच पब्लिक' तर नकोच, पब्लिक म्हणजे जनता. क्राउडपुढे 'वॉज' लिहा; ब्रिटिश लोक 'वेअर'ही लिहितात, पण एका मजकुरात दोन्ही नकोत. 'टर्नआउट' म्हणजे किती लोक आले तो प्रतिसाद, म्हणून 'लार्ज टर्नआउट' बरोबर, 'लार्ज टर्नआउट ऑफ क्राउड' चूक. आणि माहितीपत्रक परदेशी पाहुण्यांच्या हातात जाणार असेल तर 'लॅक्स ऑफ पिलग्रिम्स'च्या जागी 'हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स' घाला. लाख म्हणजे किती, ते त्यांना ठाऊक नसतं.