भात सोडण्याआधी घरातले तेल मोजा

आपण लिहिले आहे की वजन ६८ किलो आहे, काम बैठे आहे, १४०० कॅलरींचे लक्ष्य ठेवून भात बंद केला, पोळ्या दोनवर आणल्या, तरी दोन महिन्यांत काटा हललेला नाही. म्हणून एका दिवसाचा आराखडा हवा आहे. तो देतोच, पण त्याआधी एक हिशेब करू. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपत असेल, तर दरडोई रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी, आणि ही नोंद आपल्या वहीत बहुधा कुठेच नसते. माझ्याकडेही हेच झाले होते: फोडणीची पळी वजनकाट्यावर धरली तेव्हा तिच्यात २५ ग्रॅम तेल मावत असल्याचे कळले, आणि मी वर्षभर ते ‘एक चमचा’ म्हणून लिहीत होतो.

म्हणून दिवसाची आखणी तेलापासून सुरू करावी. पाच ग्रॅमचा लहान चमचा, ४५ कॅलरी, असे दिवसाला साडेचार चमचे ठरवून टाका. बाकीचे जिन्नस शिजवण्याआधी कोरडे मोजा, कारण शिजलेल्या वरणाची वाटी कधी दाट असते, कधी पातळ.

सकाळ-दुपार मिळून गाईच्या दुधाचे, एकेक चमचा साखरेचे दोन चहा १७० कॅलरींचे होतात. न्याहारीला ४० ग्रॅम पोहे, एक चमचा तेल, कांदा आणि एक उकडलेले अंडे असे धरले की २८० होतात. दुपारच्या जेवणात २५ ग्रॅम कणकेचा एक, असे दोन फुलके (मळलेला गोळा साधारण ४० ग्रॅमचा भरतो), ३० ग्रॅम मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि दह्यातली कोशिंबीर. दोन चमचे तेलासह हे ४४० होते. चार वाजता ताक आणि एक पेरू, १००. रात्री ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण, एक भाजी, काकडी आणि दीड चमचा तेल, सुमारे ३७०. बेरीज १३६० येते. यात प्रथिने ४५ ग्रॅमच्या आसपासच भरतात आणि आपल्या वजनाला ती कमी पडतात, म्हणून उरलेल्या ४० कॅलरी दोन अंड्यांच्या पांढऱ्या भागावर खर्च कराव्यात. भात खायचाच असेल तर भाकरीऐवजी ५० ग्रॅम तांदूळ शिजवा. कॅलरी जवळपास तेवढ्याच पडतात, त्यामुळे भाताला दोष देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दाण्याच्या कुटाकडे मात्र लक्ष असू द्या, कारण भाजीत सहज पडणारे दोन मोठे चमचे सव्वाशे कॅलरींच्या घरात जातात. एकादशीची साबुदाण्याची खिचडी तर ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट आणि दोन चमचे तूप एवढ्यातच ४४० गाठते. त्या दिवशी ती एकदाच, जेवणाच्या जागी खावी.

मधुमेहाची औषधे चालू असतील तर आहारात हा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, कारण खाणे घटले आणि गोळीची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.