‘तिने एक हसू दिले’ का खटकतं?

प्रश्न : ताई, मी अलीकडेच इंग्रजी कथांचे अनुवाद करायला लागले आहे. त्या कथांतली माणसं सारखी काहीतरी ‘देत’ असतात. ‘ही गेव्ह अ नॉड’, ‘शी गेव्ह अ शॉर्ट लाफ’. सरळ ‘नॉडेड’, ‘लाफ्ड’ का म्हणत नाहीत? मी ‘तिने एक छोटे हसू दिले’ असं लिहिलं, तर मैत्रिणीने त्यावर काट मारली. – एक वाचक, लातूर

उत्तर : मैत्रिणीने काट मारली ते बरोबरच केलं. पण मूळ वाक्यातलं ते ‘गेव्ह’ उगाच आलेलं नाही. ते का आलं हे कळलं, की मराठी वाक्य आपोआप सुचतं.

‘शी लाफ्ड’ म्हटलं की ती किती हसली, कधी थांबली, काही कळत नाही. दहा मिनिटंही हसली असेल. ‘गेव्ह अ लाफ’ म्हणजे एकदाच हसली आणि थांबली. दहा मिनिटं कोणी ‘अ लाफ’ देत नाही. दुसरी सोय विशेषणांची. नामाच्या आधी ‘शॉर्ट’, ‘बिटर’, ‘नर्व्हस’ असं हवं ते जोडता येतं. क्रियापदाला ते जमेलच असं नाही. ‘शॉर्टली’चा अर्थ तर बहुतेक वेळा ‘थोड्याच वेळात’ असा होतो. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने आपल्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाच्या 1942 साली आलेल्या खंडात अशा ‘गिव्ह’, ‘हॅव’, ‘टेक’ना ‘लाइट व्हर्ब’ म्हटलं, म्हणजे हलकं क्रियापद. देण्याचा अर्थ त्यातून निघून गेलेला असतो आणि सगळा भार नाम वाहतं.

आपल्याकडेही हेच आहे. ‘हाक मारली’ म्हणताना कोणी कोणाला मारत नाही. फक्त मराठीत प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं. किंकाळी फोडतात, आरोळी ठोकतात, शीळ घालतात, सुस्कारा सोडतात, कटाक्ष टाकतात, आवंढा गिळतात. ‘हसू’ला ‘देणे’ चालत नाही, म्हणून तुमचं वाक्य खटकलं. आणि ‘एकदाच, पटकन’ हा अर्थ आणायला आपल्याकडे ‘-कन’ आहे. खुदकन हसली, फिस्सकन हसली, टचकन डोळ्यांत पाणी आलं. खदखदून आणि खो खो हसणं लांबतं, खुदकन हसणं लांबू शकत नाही. तुमची नायिका खुशीत असेल तर ‘ती खुदकन हसली’ एवढं पुरे. मनात कडवटपणा असेल तर मात्र खुदकन नको. मग ‘कडवट हसली’ म्हणा.

पण माझ्या मते खरी अडचण आणखी खोल आहे. ती क्रिया माणसाने केली, की त्याच्या बाबतीत घडली? इंग्रजी हा फरक सोबतच्या क्रियापदाने दाखवते. ‘गेव्ह अ लाफ’मध्ये बाई हसते. ‘लेट आउट अ लाफ’मध्ये कोंडलेलं हसू ती सोडते. ‘अ लाफ एस्केप्ड हर’मध्ये हसू तिच्या हातून निसटतं. मराठी यासाठी विभक्तीच बदलते. ‘ती हसली’मधली ‘ती’ ‘तिला’ होते. तिला हसू आलं, तिला हसू फुटलं. शिंक, जांभई, उचकी, ठसका यांत तर शरीरच कर्तं. मला शिंक आली, मला ठसका लागला.

माझी स्वतःची एक चूक सांगते. अनुवाद करायला लागले तेव्हा एका कथेत दारात उभा असलेला नोकर ‘गेव्ह अ डिस्क्रीट कफ’ असं वाक्य आलं. मी लिहिलं, ‘त्याला हलकासा खोकला आला’. संपादकांनी समासात एवढंच विचारलं, ‘हा आजारी आहे का?’ मला एकदम वाईचे आजोबा आठवले. ते ओटीवरून माजघरात येताना उंबऱ्याशी खाकरायचे. आत बायका बसल्या असतील तर त्यांना कळावं म्हणून. इंग्रजी नोकर तेच करत होता. तो खाकरला होता. ‘गेव्ह अ कफ’ आणि ‘हॅड अ कफिंग फिट’ यांत खाकरणं आणि खोकल्याची उबळ येणं इतका फरक आहे. त्या दिवसापासून हावभावाचं वाक्य आलं की मी आधी विचारते, हे त्याने केलं की त्याला झालं?

प्रश्न : ‘शी रोल्ड हर आइज’ला ‘डोळे फिरवले’ म्हणू का? आणि ‘टट-टट’ म्हणजे आपलं चुकचुकणंच ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘डोळे फिरवले’ नको. मराठीत डोळे फिरले की माणूस बेशुद्ध पडतोय किंवा मस्तीत आलाय असं वाटतं. इंग्रजीतही हा अर्थ कायम एकच राहिलेला नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त डेस्डिमोना नवऱ्याचे डोळे असे फिरताना पाहून घाबरते. तिथे तो संताप आहे. आजची मुलगी डोळे फिरवते ती वैतागून. ‘वैतागून डोळे वर केले’ चालेल, तुच्छता असेल तर ‘नाक मुरडलं’ही चालेल. लंडनच्या मुलीला कपाळावर हात मारायला मात्र लावू नका. तो हावभाव आपला आहे.

‘टट-टट’चा आवाज आपल्या चुकचुकण्यासारखाच, जीभ दातांमागे लावून काढलेला. पण इंग्रजीत त्यात बहुधा नापसंती असते, आपण चुकचुकतो ते हळहळून. शिवाय आपल्याकडे एकच ‘च्यक्’ म्हणजे चक्क ‘नाही’. ‘जेवलास का?’ ‘च्यक्.’ त्यामुळे इंग्रजी आजीबाई ‘टट-टट’ करत असेल तर ‘नापसंतीने चुकचुकली’ असं स्पष्ट लिहा.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवतो. स्निफ, स्नॉर्ट, स्नोअर, स्नीझ हे सगळे शब्द ‘स्न’ने का सुरू होतात, असं मुलं विचारतात. – एक शिक्षक, कुडाळ

उत्तर : मुलांना शाबासकी द्या! एखाद्या ध्वनिगटाला असा अर्थाचा वास लागतो, त्याला जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी 1930 साली ‘फोनेस्थीम’ हे नाव दिलं. हे फर्थ 1920च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘स्न’ हा नाकाचा गट झाला. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘स्नीझ’ची सुरुवात ‘फ्न’ने व्हायची. तो उच्चार मागे पडला आणि हा शब्दही नाकवाल्यांत येऊन बसला. मराठीतलं ‘हुं’ असंच पाहा : हुंगणे, हुंदका, हुंकार.

वर्गात एक करून बघा. मुलांना नाक घट्ट दाबून ‘स्नीझ’ म्हणायला सांगा. ‘स’ नीट निघेल आणि ‘न’पाशी आवाज अडेल, कारण ‘न’ची हवा नाकातूनच जाते.