ठाणे-वाशी लोकलमध्ये पाठीवरची सॅक थोड्या वेळाने जाणवतच नाही, पण कोणी चेनला हात लावला की लगेच कसं कळतं?

कारण त्वचेतल्या नसा मुख्यतः बदल कळवतात, दाब सारखाच राहिला की त्यांचे सिग्नल कमी होत जातात आणि जे येत राहतात त्यांच्याकडे मेंदू लक्ष देत नाही, म्हणून दिघा (ठाण्यानंतरचं पहिलं स्टेशन) यायच्या आत सॅक विसरायला होते. मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. सेन्सर ढोबळमानाने दोन प्रकारचे:

- हळू शांत होणारे (मेर्केल, रुफिनी): टिकून राहणारा दाब आणि त्वचेचा ताण
- पटकन शांत होणारे (केसांच्या मुळाशी असलेल्या नसा, पॅसिनियन): स्पर्श सुरू झाला, संपला, हलला एवढंच

यातले पॅसिनियन भारी असतात, 200-300 हर्ट्झच्या आसपासची बारीक थरथर पण पकडतात, चेन सरकताना पट्ट्यातून तीच येते. दाब पडला की नसेच्या टोकावरचं पिएझो-2 नावाचं प्रोटीन उघडतं (2010 ला आर्डेम पातापुटियन यांच्या टीमने शोधलं, 2021 चं नोबेल त्यात आलं), मग करंट मज्जारज्जूतून वर जातो, बाजू बदलतो आणि थॅलॅमसमधून (मेंदूतलं सिग्नल पुढे पाठवणारं केंद्र) मेंदूच्या विरुद्ध बाजूला पोचतो.

फक्त दुखणं असं सहसा विरत नाही हां, आणि पट्ट्यामुळे हाताला मुंग्या येत असतील किंवा हात बधिर होत असेल तर ती सवय नाही, नस दबतेय, सॅक पुढे घ्या.