असा एखादा बँड किंवा गायक आहे का, ज्याने एकही वाईट अल्बम काढला नाही?

एकच नाव सांगायचं तर स्टीली डॅन. अमेरिकन बँड, १९७२ ते २००३ या काळात नऊ स्टुडिओ अल्बम, आणि त्यातला एकही मी अर्ध्यात बंद केलेला नाही.

तुम्ही लगेच म्हणाल, मग बीटल्स? निक ड्रेक? म्हणून आधी माझा नियम सांगतो. तीन अल्बम काढून गेलेला माणूस मी धरत नाही. इंग्लिश गायक निक ड्रेकचे १९६९ ते १९७२ मधले तिन्ही अल्बम सुरेख आहेत, पण १९७४ मध्ये २६व्या वर्षी तो गेला. बिचाऱ्याला चुकायला सवडच मिळाली नाही. बॉब डिलनने 'सेल्फ पोर्ट्रेट'सारखा फसलेला अल्बम काढून ठेवलाय. रेडिओहेडचा पहिला 'पाब्लो हनी' त्यांच्या भक्तांनासुद्धा सांभाळून घ्यावा लागतो. आणि बीटल्सची 'यलो सबमरीन'ची तबकडी उलटून लावलीत तर दुसऱ्या बाजूला बीटल्स नाहीतच, त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा ऑर्केस्ट्रा आहे. वाईट नाही, पण पैसे बीटल्सचे घेतले होते ना!

स्टीली डॅन माझ्या आयुष्यात नोकरीतून आले. नव्वदच्या दशकात मी मुंबईत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत सहायक होतो. सहायक म्हणजे केबल गुंडाळायच्या, टेपच्या खोक्यांवर तारखा लिहायच्या, चहा सांगायचा. आमचे मुख्य रेकॉर्डिस्ट, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, रोज सकाळी आल्या आल्या एकच सीडी लावायचे. पुढे दिवसभर अभंग असोत, लावण्या असोत, नाहीतर साबणाची जिंगल असो, बोहनी त्या सीडीची. मला वाटलं, दादांना हे गाणं फारच आवडतं. आठवडाभराने कळलं की ते गाणं ऐकतच नव्हते, स्पीकर ऐकत होते. म्हणायचे, "बेस गिटार आणि किक ड्रम वेगळे ऐकू येतायत ना? मग खोली ठीक आहे. गिचका ऐकू आला तर समज, रात्री कुणीतरी बटणं फिरवून गेलंय."

ती सीडी म्हणजे त्यांचा १९७७चा अल्बम. स्पेलिंग वाचून आम्ही त्याला 'अजा' म्हणायचो, म्हणजे शेळी. खरा उच्चार 'एशिया'सारखा आहे हे कळायला दोन वर्षं गेली, पण माझ्या तोंडी अजून 'अजा'च येतं, इथेही तसंच लिहितो. जगभरचे साउंडवाले हा अल्बम स्पीकर तपासायला वापरतात, हेही नंतरच समजलं. त्याच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालेलं आहे.

बँड म्हणतो खरा, पण ही मुळात दोन माणसं. डोनाल्ड फेगन गाणार आणि कीबोर्ड वाजवणार, वॉल्टर बेकर बेस आणि गिटार. न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात १९६७ मध्ये भेटले. दोघांनाही जॅझचं वेड, दोघेही तिरकस. फेगनला स्वतःचा आवाज पसंत नव्हता, म्हणून पहिल्या अल्बममध्ये डेव्हिड पामर नावाचा दुसरा गायकही घेतला होता. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की असल्या कडवट गाण्यांना फेगनचा तो किंचित नाकातला, कुत्सित आवाजच हवा.

त्याच पहिल्या अल्बममधलं 'डू इट अगेन' ऐका. मध्ये एक लांबलचक तुकडा येतो, तो सतारीसारखा वाजतो. ती इलेक्ट्रिक सतार. म्हणजे गिटारच, फक्त तिची घोडी अशी केलेली की तार झणझणावी, आपल्या जवारीची नक्कल. मिरजेच्या कारागिराने ऐकलं तर कपाळावर हात मारील, पण बँडमधल्या गिटारवादक डेनी डायसने ती वाजवलीय झकास. त्या काळी पाश्चात्त्य बँड सतार घ्यायचे ते अगरबत्ती लावल्यासारखी, वातावरणनिर्मितीला. इथे ती गाण्यातल्या जुगाऱ्याइतकीच बेरकी वाटते.

घरी पेटी असेल तर एक प्रयोग करा. सा, ग, प एकदम दाबा. सगळ्या जगाला ठाऊक असलेला गोड, समाधानी मेजर कॉर्ड. आता बोट न उचलता त्यातच रे दाबा. रे आणि ग एकमेकांना खेटून बसतात आणि त्या समाधानात बारीकशी कुसळ टोचते. या दोघांचा हा लाडका कॉर्ड, त्यांनी त्याला 'म्यू मेजर' असं नावही दिलं होतं. मला तर त्यांची सगळी गाणीच त्या कॉर्डसारखी वाटतात. वरून गुळगुळीत आणि आत काहीतरी खुपणारं. चाल ऐकून वाटतं हॉटेलच्या लॉबीत वाजायला हरकत नाही. शब्द ऐकले तर आत जुगारी, अमली पदार्थ बनवणारा केमिस्ट, आणि सॅक्सोफोन शिकून मनाला येईल ते वाजवण्याची स्वप्नं बघणारा एक हरलेला माणूस.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. वाईट अल्बम निघालाच नाही, तो का?

१९७४ मध्ये त्यांनी दौरे बंद केले. रॉक बँडचा पैसा आणि नाव दौऱ्यांवर चालायचं, आणि यांनी तेच सोडलं. हळूहळू बँडमधले बाकीचे वादकही गेले. उरले हे दोघं, आणि सोबत निर्माता गॅरी कॅट्झ आणि रेकॉर्डिस्ट रॉजर निकल्स. मग प्रत्येक गाण्याला जो योग्य तो वादक बोलवायचा, वाजवून घ्यायचं, आणि पटलं नाही तर मानधन देऊन परत पाठवायचं. 'अजा'त सातच गाणी, मिळून चाळीसेक मिनिटं, आणि वाजवणारे तीसहून जास्त. 'पेग' या गाण्यातल्या गिटारच्या छोट्याशा तुकड्यासाठी नावाजलेले पाच-सात गिटारवादक येऊन गेले. सगळ्यांनी वाजवलं, सगळ्यांचं बाजूला ठेवलं, आणि शेवटी जे ग्रेडनचं घेतलं. ज्यांचं घेतलं नाही त्यांनी काही बेसूर वाजवलं नसणार. मी स्टुडिओत बसलोय म्हणून सांगतो, चांगलं वाजवणाऱ्याला "नको" म्हणायला फार जाड कातडी लागते. आपल्याकडे तर समोरचा वयाने मोठा असला की संपलंच. "वा, क्या बात है" म्हणून टेक ओके होतो.

उलटही व्हायचं. याच अल्बमच्या शीर्षकगीतात स्टीव्ह गॅडने ड्रम वाजवलेत आणि वर वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आहे. गॅडचं काम एकदोन टेकमध्येच झालं, असं तिथे असलेले सांगतात. म्हणजे छळायचं म्हणून छळत नव्हते. हवं ते मिळालं की थांबत होते.

त्याआधीचा १९७५चा 'केटी लाइड'. हा अल्बम मिक्स करताना, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेने घात केला आणि आवाज मनासारखा राहिला नाही. पुष्कळ खटपट करून तो निस्तरला, पण या दोघांनी तयार झालेला अल्बम ऐकायला नकार दिला म्हणे. मला तो आवडतो. विशीतला जेफ पोर्कारो त्यात ड्रम वाजवतोय, काय हात आहे पोराचा! आम्हा ऐकणाऱ्यांना त्यात खोट सापडत नाही आणि करणाऱ्यांना तो कानावर नको, हे मला सुरुवातीला नाटक वाटायचं.

मग 'गाउचो', १९८०. या अल्बमवर साडेसाती होती. बेकरच्या मैत्रिणीचा अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. त्यानंतर त्याला रस्त्यात गाडीने उडवलं, पाय मोडला. ड्रमर हवे तितके काटेकोर वाजवत नाहीत म्हणून रॉजर निकल्सने चक्क एक यंत्र बांधलं, ड्रमचे खरे आवाज साठवून हव्या त्या क्षणी वाजवणारं. नाव ठेवलं वेंडेल. हल्ली फोनवर फुकट मिळतं ते त्याने तेव्हा स्वतः घडवलं. 'हे नाइन्टीन'मध्ये वेंडेल ऐकू येतो. 'बॅबिलॉन सिस्टर्स' हे गाणं शेवटी हळूहळू विरत जातं ना, तेवढा विरण्याचा भाग पन्नासपेक्षा जास्त वेळा मिक्स केला.

आणि याच अल्बमसाठी एक गाणं जवळजवळ पूर्ण झालेलं, 'द सेकंड अरेंजमेंट'. कॅट्झ आणि निकल्स यांचं ते विशेष आवडतं. निर्मात्याला ऐकवायचं म्हणून एका सहायकाने टेप लावली आणि चुकून गाण्याचा बहुतेक भाग पुसून टाकला. आठवड्यांचं काम गेलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण तो सहायक मी आहे. तो अमेरिकेतला नव्हे, इथला. सोळा ट्रॅकची टेप, एका ज्येष्ठ बाईंचा अभंग. अंतरा त्यांनी असा लावला होता की काचेपलीकडे तबलजीने मान खाली घातली होती. पुढच्या ओळीसाठी टाळ पंच करायचे होते, म्हणजे चालू टेपमध्ये मधेच भरायचे होते. मी ट्रॅक नऊऐवजी आठवर, म्हणजे बाईंच्या आवाजावर, बटण दाबलं. चार ओळी गेल्या. दादा काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "चहा सांग." बाईंना "मशीनमध्ये गडबड झाली" असं सांगितलं. त्या पुन्हा गायल्या, सात-आठ वेळा गायल्या, नीटच गायल्या. कॅसेट निघाली, खपली, अजून कुठे कुठे एकादशीला वाजते. ती वाईट आहे असं कुणीही म्हणणार नाही. मी मात्र ती पूर्ण ऐकलेली नाही, आणि 'केटी लाइड'चं ते नाटक आहे असं त्यानंतर मला कधी वाटलं नाही.

असो. विरोधी बाजूही मांडतो, नाहीतर भक्त म्हणाल. खूप लोकांना स्टीली डॅन थंड वाटतात. इस्त्रीच्या शर्टासारखे, कुठे सुरकुती नाही, घामाचा वास नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. 'गाउचो' मी स्वतः उन्हाळ्यात ऐकतो, पावसाळ्यात नाही, का ते विचारू नका. घाम हवा असेल तर १९७३चा 'काउंटडाउन टू एक्स्टसी' घ्या, तेव्हा ते अजून खऱ्याखुऱ्या बँडसारखे एकत्र वाजवत होते. पौर्वात्य अध्यात्माच्या मागे लागलेल्या गोऱ्यांची 'बोधिसत्त्व'मध्ये केलेली टिंगल आपल्याला जास्तच मजा देते. शेवटचा, २००३चा 'एव्हरीथिंग मस्ट गो' सगळ्यांत फिका, हेही कबूल. पण फिका आणि वाईट यांत फरक आहे. फिका चहा मी पितो.

१९८१ मध्ये दोघं वेगळे झाले. पुढचा स्टुडिओ अल्बम थेट २००० साली, 'टू अगेन्स्ट नेचर'. वीस वर्षांनी परतलेल्या म्हाताऱ्यांनी एमिनेम आणि रेडिओहेडला मागे टाकून वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी नेलं, तेव्हा तरुण मंडळी भयंकर चिडली होती. मीही म्हणेन की त्या वर्षी तो मान रेडिओहेडचा होता. पण अल्बम उत्तम आहे, आणि मधल्या वीस वर्षांत नवा स्टुडिओ अल्बम काढला नाही हेही त्यांच्या खात्यावर जमाच धरा. बेकर २०१७ मध्ये गेला.

नवीन ऐकणार असाल तर 'अजा'पासून सुरू करा, बऱ्या हेडफोनवर. मग 'प्रेट्झेल लॉजिक', मग मागे-पुढे हवं तसं.

आणि ते पुसलेलं गाणं. रॉजर निकल्स २०११ मध्ये गेले. त्यांच्या मुलींना घरातल्या सामानात एक कॅसेट मिळाली, टेप पुसली जाण्याआधीच्या मिक्सची, आणि २०२३ मध्ये ती लोकांसमोर आली. मी रात्री सगळे झोपल्यावर ऐकली. गाणं छान आहे, चांगलंच छान आहे. दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर अल्बम खपवला असता. या दोघांनी पुसल्यानंतर ते पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं होतं, पहिल्यासारखं जमेना, तेव्हा सोडून दिलं आणि त्या जागी 'थर्ड वर्ल्ड मॅन' घातलं, जुन्या पडलेल्या ट्रॅकवर नव्याने बांधलेलं. त्यात लॅरी कार्लटनची गिटार आहे. ती ऐकून पाहा.