जमिनीवर दुसरा कोणी बसलाय आणि ती विकायचीये? आधी हे करा

दादा, आत्ताच गिऱ्हाईक शोधत बसू नका, आधी भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, कारण 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) हातात आली की नेमके किती गुंठे दाबलेत ते कागदावर येतं, नाहीतर कोर्टात नुसतं तू तू मैं मैं होतं. जबरदस्तीने ताबा घेऊन 6 महिने झाले नसतील तर स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम 6 खाली दावा लावा, तिथे मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. मुदत गेली असेल तर मालकीवरून ताब्याचा दावा, पण 12 वर्षं उघड कब्जा चालू दिलात तर जमिनीवरचा हक्कच जाऊ शकतो, म्हणून प्लीज टाळाटाळ नको. आणि जेसीबी घेऊन स्वतः जाऊ नका हो, उलटी तुमच्यावरच केस व्हायची.

विक्रीचं म्हणाल तर सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा, कूळ वगैरे बघा, भोगवटादार वर्ग 2 (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर आधी परवानगीचं बघा. नोटरीवर व्यवहार अजिबात नको, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडेच रजिस्टर करा. दावा चालू असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगा आणि खतात तसं लिहूनच घ्या, लपवलंत तर उद्या तोही तुमच्यावर दावा लावेल.